तारा खाली घेता घेता

आमचे हे शाळेत कारकून होते आणि संध्याकाळी मित्रांच्या ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. लग्नाला सात वर्षं झाली होती. घरी सराव करताना झालेली त्यांची चूक मला भाजी चिरतानाही कळायची. त्या दिवाळीनंतर चुका वाढल्या.

"तारा उंच झाल्यात," ते म्हणाले. "दाबताना बोटांत जीवच राहत नाही."

तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, तिच्याखाली दोन छोटी चाकं असतात. ती फिरवली की घोडी खाली-वर होते. त्यांनी तारा सैल केल्या, पण डाव्या हाताच्या बोटांना चाक धरवेना. शेवटी मी फिरवलं. सूर लावून त्यांनी वाजवून पाहिलं.

"अजून थोडं घे खाली."

आठवड्यानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांना घासून झणझणायला लागल्या.

"अहो, पुरे आता. आवाज फाटतोय."

"मग तूच वाजव!" ते ओरडले. माझ्यावर ते कधी ओरडत नसत. मी मान खाली घातली, तर पडद्यांवर रक्त. तारेचं टोक करंगळीत घुसलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. पुसता पुसता मी त्या बोटाला जोरात चिमटा काढला. ते घोडीकडेच बघत होते.

कोपराजवळ एक फिकट चट्टा होता. उन्हाचा असेल म्हणून आम्ही सोडून दिला होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यावरून कापूस फिरवला, कोपरामागची शीर चाचपली आणि म्हणाले, "कुष्ठरोग आहे. बरा होतो. गोळ्या चुकवू नका. घरात काही वेगळं करायची गरज नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी घरी येऊन त्यांचं ताट आणि कप मी वेगळ्या फळीवर ठेवला. त्यांनी पाहिलं. जेवण झाल्यावर आपलं ताट आपणच घासलं आणि त्याच फळीवर नेऊन ठेवलं. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मला बघवेना. मी त्यांच्या हातातून ताट ओढून घेतलं.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्यासमोर."

"हो," ते म्हणाले. "मीही ऐकलं होतं."

मोरीपाशी मला रडू आवरेना. ते तिथेच उभे राहिले, पण जवळ आले नाहीत.

गोळ्या दोन वर्षं चालल्या. रोग गेला. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलीच राहिली. घोडी मी पुन्हा वर केली. उरलेल्या बोटांनी जमेल तेवढं ते घरातच वाजवत. ऑर्केस्ट्रातला भाट्ये गावचा एक मित्र मात्र कार्यक्रम ठरला की बोलवायला यायचा. हे डावा हात खिशात घालून दारात उभे राहायचे, आणि शाळेत फार काम आहे हो, असं मी आतून सांगायचे.