अक्काचं शेवटचं पत्र

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात मावशी सव्वीस वर्षं ब्रेल तपासत होती. काम दोघांचं. समोर मास्तर मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचे आणि मावशी छापलेल्या पानावरच्या उठावदार ठिपक्यांवरून उजव्या हाताची तर्जनी फिरवत जायची. चूक आली की बोट थांबायचं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यामुळे स्वल्पविरामसुद्धा पोरांना दटावल्यासारखा वाचायचे. "मास्तर, स्वल्पविरामानं काय घोडं मारलंय तुमचं?" मावशी विचारायची. मावशी सहा वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले होते. बोटावर मात्र तिचा फार जीव. हिवाळ्यात ती हातांना तेल चोळायची, भांडी घासताना हातमोजे घालायची.

त्या वर्षी तिच्या हातून चुका निसटू लागल्या. एका शाळेनं भूगोलाचं पुस्तक परत पाठवलं. त्यात अकरा चुका होत्या. मावशीनं सरळ मशीनवर खापर फोडलं. "ठिपके उठतच नाहीत. खिळे झिजलेत." मशीनवाल्याला ते झोंबलं. त्यानं सगळे खिळे बदलले, नव्यानं पान काढलं आणि तिच्यापुढे आपटलं. मावशीनं बोट फिरवलं. तरी बोटाखाली सगळं सपाट, मधेच कुठे वाळूसारखं खरखरीत. "आता बरंय," ती म्हणाली आणि पान बाजूला सारलं. बोटांना मुंग्या येत होत्या, पायांची बोटं लाकडासारखी झाली होती, जीभ सोलवटल्यासारखी चुरचुरायची. वय झालं, दुसरं काय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्याच सुमारास अक्का गेली.

अक्का तिची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी, चांगली डोळस. धाकटीला शाळेत घातलं तेव्हा तीही हट्टानं ब्रेल शिकली. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि टोचणीनं एकेक ठिपका पाडायचा, तोही उजवीकडून डावीकडे उलटा, म्हणजे कागद पालथा केला की सुलटा वाचता येतो. अक्काला हे उलटसुलट आयुष्यभर साधलं नाही. लग्न होऊन ती दूर गेली आणि तिथून तिचं दर महिन्याला एक पत्र येऊ लागलं, चुकांनी भरलेलं. घरोघरी फोन आले तरी तिनं पत्रं थांबवली नाहीत. "फोनवर बोलते ते घरादाराचं," ती म्हणायची, "कागदावर लिहिते ते तुझं-माझं."

भाच्याचा फोन आला, अक्काला झोपेतच झटका आला म्हणून. आणि चौथ्या दिवशी पोस्टमननं मावशीच्या हातात जाड पाकीट ठेवलं. जाण्याआधी दोन दिवस अक्कानं ते टपालात टाकलं होतं.

मावशीनं दार लावलं, खुर्चीत बसून पत्र मांडीवर पसरलं. पहिली ओळ लागेना. बोट बदललं, हात बदलला, कागद गालावर घासून पाहिला. पानं चार होती, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं छापखान्यात हे सांगितलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "मला नजरेनं ब्रेल वाचता येतं, ठाऊक आहे ना? वाचून दाखवू?"

"नको."

"अहो, कुणाला सांगणार नाही मी."

"तसं नाही हो, मास्तर. तुम्ही वाचलंत तर तुमचा आवाज येईल. मला अक्काचा हवाय."

संध्याकाळी मास्तर तिला हट्टानं दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण प्रश्न बारीक विचारणारी. काय खाता? मावशीनं सांगितलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-बिस्किटं, संध्याकाळी भूक असली तर पाव. एकटीसाठी चूल कोण पेटवणार? दूध आवडत नाही, अंडी आणायचा कंटाळा. आणि पित्ताची गोळी रोज, नऊ वर्षं, कुणाला न विचारता.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईनं खुर्ची जवळ ओढली. "बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलंय. आणि होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ साचलाय."

"मला कळेल असं सांग, बाई."

"शरीरात मिथाइल नावाचा एक इवलासा तुकडा असतो. एक कार्बन, त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. पेशी दिवसभर तो इथून काढून तिथे लावत असतात. यालाच मिथायलेशन म्हणतात. जनुकावर योग्य जागी तुकडा लागला, तर ते जनुक बहुतेक वेळा गप्प बसतं."

"म्हणजे मजकूर तोच, पण इथलं वाचू नका अशी खूण?"

डॉक्टरीणबाई हसली. "माझ्या परीक्षेच्या वेळी कुठे होतात तुम्ही? हेच काम नसांच्या वेष्टणासाठीही लागतं. विजेच्या तारेवर रबर असतं ना, तसं नसांवर वेष्टण असतं. ते नीट राहिलं नाही की बोटाकडून निघालेला निरोप वाटेतच विरतो. आता हा तुकडा घेऊन येतं फोलेट. ते पालेभाजीत असतं, कडधान्यात असतं. पण तो होमोसिस्टीनला चिकटवायला बी-बारा लागतं. तसा चिकटला की त्याचा पुढे उपयोग होतो. बी-बारा नसलं की फोलेट तुकडा धरून नुसतं ताटकळतं आणि होमोसिस्टीन साचत जातं."

"मग पालेभाजी खाते भरपूर."

"खाच. पण नुसत्या पालेभाजीनं भागणार नाही. तिच्यात बी-बारा नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे यांत असतं. आणि पित्ताच्या गोळीमुळे तुमचं पोट अन्नातलं बी-बारा नीट सोडवून घेत नाही, म्हणून आधी इंजेक्शनं. गोळी मनानं बंद करू नका, ती मी हळूहळू कमी करीन."

"बोट परत येईल?"

डॉक्टरीणबाईनं तिची तर्जनी दाबून पाहिली. "बरंचसं येईल. सगळं येईल असं वचन देत नाही. उशीर झालाय."

मावशीनं कधी नव्हे ते चूल पेटवली. पालक उकळून पाणी फेकण्याऐवजी ती जरा परतून घेई, मसूर शिजवी, नाक दाबून दूध पिई. मास्तर रोज दोन उकडलेली अंडी कागदात बांधून आणायचे. "तुमच्या या अंड्यांनी सगळा छापखाना घमघमतोय," मशीनवाला कुरकुरायचा, आणि एके दिवशी त्यानंच मीठ-मिऱ्याची पुडी आणून ठेवली. तपासायचं काम बंद होतं तरी मावशी रोज छापखान्यात यायची, कोऱ्या कागदांचे गठ्ठे बांधायची. घरी पत्र उशाशी असायचं. ती ते हातात घ्यायची, पण उलगडायची नाही. उलगडलं आणि पुन्हा सपाट लागलं तर, या भीतीनं.

जीभ पहिल्या महिन्यात बरी झाली. पाय तिसऱ्यात. उजवी तर्जनी मात्र बधिरच राहिली. जाग आली ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, जे आयुष्यात कधी वाचायला वापरलं नव्हतं. मावशीनं त्याला मुळाक्षरांपासून शिकवलं. मास्तर जुन्या सवयीनं दटावू लागले, तसं ती म्हणाली, "हळू. पोर नवीन आहे."

सहाव्या महिन्यात, एका सुट्टीच्या सकाळी, तिनं पत्र उलगडलं.

चार पानांना दुपार झाली. अक्कानं जिन्याला दिलेल्या रंगाबद्दल लिहिलं होतं, नव्या चष्म्याबद्दल, गुडघ्यांबद्दल. निम्मे ठिपके नेहमीसारखे उलटे. एका जागी 'गुडघा'चा काहीतरी भलताच शब्द झाला होता आणि मावशी एकटीच खळखळून हसली. चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'एक विचारायचं होतं. आई आपल्याला हाक कशी मारायची गं? मला तोंड आठवतं, आवाज आठवेनासा झालाय. तुझं सगळं कानात असतं. लिही.'

मावशीला आठवत होता. आईचा आवाज किंचित बसका, नावाचं शेवटचं अक्षर लांबवणारा, दोघींना एकाच दमात बोलावणारा. रिकाम्या खोलीत तिनं तशी हाक मारून पाहिली, आधी हळू, मग मोठ्यानं. मग पाटी काढली आणि तीन पानांचं उत्तर लिहिलं, एकही ठिपका न चुकवता. पाकिटावर पत्ता घालायला मास्तरांना सांगावं असं वाटलं, मग वाटलं, वाचणार कोण तिथे?

आता मावशी पूर्वीच्या निम्मी पानं तपासते. मास्तर हळू वाचतात.

शेवटच्या तपासणीला होमोसिस्टीन जागेवर आलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाली. "मग, वाचता येतं ना आता?"

"येतं," मावशी म्हणाली. "आता पत्र तेवढं येत नाही."