राहणाऱ्याचा वाटा

गाव सोडलं त्या दिवशी देवणीच्या स्टँडवर मी उभा होतो, तेव्हा माझ्याकडे एक कापडी पिशवी होती आणि सुतळीनं झाकण बांधलेला पत्र्याचा डबा. डब्यात तंबिटाचे पन्नास लाडू होते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा स्वभाव तेव्हापासूनचाच. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, एवढंच म्हणाली, "दिवसाला दोन खा. पंचवीस दिवसांत कुठंतरी चूल सापडंल." अप्पा, माझे वडील, बसकडे पाठ करून उभे होते.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सर्वांत जास्त आनंद अप्पांना झाला होता. "ऑफिसं येतील, पोरगं भाकरी खाऊन ड्युटीला जाईल अन् भाकरी खायला परत येईल," असं ते पारावर सांगत. ऑफिसं आली. मी अर्जही केले. पण मधे पावसानं दगा दिला, विहिरीला तळ दिसला आणि वाट बघणं परवडेनासं झालं. चुलतमामानं चिंचवडच्या एका कारखान्यात शब्द टाकला आणि मी निघालो.

तंबीट म्हणजे काय ते आमच्या सीमेकडच्या लोकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. चार वाट्या डाळवं, म्हणजे फुटाण्याची डाळ, कुटून घ्यायची. तेवढेच भाजलेले शेंगदाणे, वाटीभर तीळ, साडेतीन वाट्या किसलेला गूळ आणि चवीला सुंठ. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत सगळं उखळात एकजीव करायचं आणि वळायचं. पाक नाही, तळण नाही. त्या वर्षी अव्वानं शेंगदाणे भाकरी झाल्यावर गरम राहिलेल्या तव्यावर भाजले होते, वेगळं जळण लावलं नव्हतं. पाण्याचा तर थेंबही लागत नाही. हात ओला करून लाडू वळला की तो टिकत नाही, आणि हात ओला करण्याइतकं पाणी घरात होतंच कुठं? टँकर दिवसाआड यायचा.

लाडू वळताना माझी मोठी बहीण, अक्का, शेजारी बसली होती. उखळाच्या काठाला चिकटलेला चुरासुद्धा तिनं बोटानं पुसून डब्यात टाकला, बोट तोंडात घातलं नाही. हे मला दिसलं होतं. पण एकोणीस वर्षांच्या पोराला दिसतं ते सगळं कळतंच असं नाही.

पुढची तीसेक वर्षं चिंचवडमध्ये गेली. मी क्वालिटी डिपार्टमेंटला लागलो. हातात व्हर्निअर आला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यायची सवय लागली. तीन पाळ्या, मग वन बीएचके, मग लिफ्टची सोसायटी. गावी "लई" म्हणणारा मी इथं "खूप" म्हणायला लागलो आणि गावी गेल्यावर पहिला दिवसभर "लई" म्हणताना अडखळू लागलो. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना हे ठाऊक असेल. अप्पा गेले. गावातलं घर अव्वानं सोडलं नाही. दोन गल्ल्यांवर अक्काचं सासर, त्यामुळं अव्वाकडं बघायला माणूस होतं.

गेल्या वर्षी अव्वाला टायफॉईड झाला. ताप गेला, पण जेवणावरची वासना परतली नाही. त्रेचाळीस किलोची बाई दोन महिन्यांत सदतीसवर आली. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात गेलं पाहिजे. मी रोज फोन करून वजन विचारायचो आणि वहीत लिहायचो. आकडा खालीच जायचा.

तेव्हा मला तंबीट आठवलं. डिजिटल काटा काढला. डाळवं, दाणे, तीळ, गूळ, शिवाय खजूर आणि बदाम, अव्वाला चावता यावं म्हणून मिक्सरवर बारीक करून. पंचवीस ग्रॅमचा एक असे अठ्ठावीस लाडू वळले. माझ्या मुलीनं एक उचलला आणि म्हणाली, "बाबा, हे तर एनर्जी बॉल. जिमला जाताना आम्ही हेच खातो." दिवसाला दोन, चौदा दिवस, असा हिशोब चिठ्ठीवर लिहून डबा एका गाववाल्याबरोबर पाठवला.

पाचव्या दिवशी अक्काचा फोन आला. घरात मला बसूच म्हणतात.

"बसू, अव्वा डब्याला हात लावंना."

"का? बुरशी आली का गोड जास्त झालं?"

"कशाचं गोड! झाकणच उघडू देईना. म्हनती, त्यानं मला शिदोरी पाठवलाय. कुठं धाडायलाय म्हनावं?"

आमच्या घरात तंबीट फक्त जाणाऱ्यासाठी व्हायचं. नोकरीला जाणारा, सासरी जाणारी, लांबच्या गावाला निघालेला. राहणाऱ्यानं त्याची चवही बघायची नाही, हा अव्वाचाच नियम. ऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला लागलेल्या बाईला पोरानं तंबीट पाठवलं, तर तिनं त्याचा अर्थ काय लावायचा? ग्रॅममध्ये मी कुठं चुकलो नव्हतो. चुकलो ते भलतीकडंच.

रजा टाकून गेलो. अव्वा ओसरीतल्या बाजेवर होती. मला बघून म्हणाली, "आलास? शिदोरी पोचली. आता गाडी कवा हाय तेवढं सांग."

"अव्वा, ते ताकदीसाठी हाय गं. तिकडं पोरी जिमला जाताना खातात."

"जातानाच न्हवं?" ती अक्काकडं बघून म्हणाली. "ऐक, तूच ऐक!"

अक्का तोंडाला पदर लावून हसली. मला हसू येईना. बाजेवरचा अव्वाचा हात मी हातात घेतला होता, मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोरच उखळ मांडलं आणि कुटायला बसलो. काटा बघून ती म्हणाली, "सोनं मोजायलास का?" पण बघत राहिली. "दाणं अजून कुट, तेल सुटलं न्हाई." मी कुटलं. कुटता कुटता विचारलं, "मी गेलो त्या साली तू तंबीट किती खाल्लंस?"

"मी कुठं चालले हुते?"

"रोज रस्त्याच्या कामावर जायचीस की. खडी फोडायला."

"ते जाणं न्हाई रे. सांजच्याला परत यायचं."

"मग हे बी परत यायचंच हाय," मी म्हणालो. "बाजेवरनं न्हाणीपर्यंत जा अन् परत ये. त्यासाठीची शिदोरी."

मी एक लाडू वळून तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "चिंचवडला जाऊन हुशार झालास," आणि हात पुढं केला. अर्धा लाडू तिनं खाल्ला, उरलेला अर्धा अक्काच्या हातावर ठेवला. "तू बी खा. त्या साली तुला चुरा बी चाटू दिला न्हाई मी." अक्कानं तो उभ्यानंच खाल्ला आणि पाणी आणायला आत गेली. बराच वेळ आतच होती.

आता अव्वा एकोणचाळीस किलो आहे. मी दर महिन्याला तंबीट करतो, चिंचवडला नाही, देवणीला जाऊन. आधार कार्डावर माझा पत्ता चिंचवडचा आहे आणि तो खरा आहे. माझी मुलं तिथलीच. पण भूक लागली का, हे ज्या घरी रोज विचारल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी घर म्हणतो. अशी घरं माझी दोन आहेत, आणि दोन्हींचं मिळून एक होत नाही, हे मी मान्य केलं आहे.

काल फोनवर विचारलं, "अव्वा, आज कुठवर गेलीस?"

"महादेवाच्या देवळापतुर. परत बी आले. पुढच्या खेपंला तीळ कमी टाक, कवळीत अडकतात."

वहीत वजनाच्या खाली तेही लिहून ठेवलं.