ड्रायव्हरताई खुर्चीत बसली

आमच्या डेपोत बस चालवणारी ती एकटीच बाई, म्हणून सगळे तिला ड्रायव्हरताई म्हणत. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या ओटीपोटात अगदी खाली कळ सुरू झाली, ती हटेचना. बसलं की जीव नकोसा व्हायचा. गाडी चालवणं सुटलं, पण लाजेपोटी तिनं खरं कारण कुणाला सांगितलं नाही. ती जेवायचीही उभ्यानं.

शेवटी नणंदेनंच छेडलं, "वहिनी, स्वतःच्याच घरात अशी ताटकळत का उभी असतेस गं?" त्यावर ताईला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं.

नणंद तिला फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तपासून बाई म्हणाल्या, "तुमचे खालचे स्नायू आखडून गाठी धरून बसलेत. बारीक सुया टोचून ते सैल करू. सुईत औषध नसतं. चालेल ना?"

ताईनं डोळे घट्ट मिटून मान हलवली. कुल्ह्यात सुई गेली, आतला स्नायू टुणकन उडाला आणि ताई ओरडली, "अगं बाई, ब्रेक लागला!"

"लागला नाही, सुटला," बाई हसत म्हणाल्या.

पुढे काही महिने सुया आणि श्वासाचे व्यायाम चालले. मध्येच दुखणं डोकं वर काढायचं, तेव्हा ताई वैतागायची. पण एका सकाळी खुर्चीत बसून तिनं चहा घेतला, पेपर वाचला, नवऱ्याशी भांडण काढलं आणि मध्येच थबकली.

"अहो, मी केव्हाची बसलेय!"

"मग बसूनच भांड," नवरा म्हणाला, आणि दोघंही खो खो हसत सुटली.

त्याच महिन्यात ताई पुन्हा गाडीवर आली.