आबांची गोळी

आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मीच पहिला. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, छातीत चालताना कळ यायची. धुळ्याच्या डॉक्टरांनी जिभेखाली धरायला गोळी दिली होती. मी मासिकात वाचलं, की एक अमिनो आम्ल रक्तवाहिन्या सैल करतं, आणि जळगावहून त्याच्या पावडरीचा डबा आणला.

आई म्हणाली, "हाई पावडर खाईसन कोनले बरं वाटनं का?"

"अंगठा लावणाऱ्यांनी शास्त्र शिकवू नये," मी म्हणालो. माझ्या सांगण्यावरून आबांनी गोळी बंद करून पावडर सुरू केली.

महिन्याभराने आबांना तपासायला नेलं, तर सगळं ऐकून डॉक्टर माझ्यावरच उखडले. "ही पावडर थोड्याच रोग्यांवर, तीही काही आठवडेच तपासलीय. कुणाला फरक पडला, कुणाला नाही. गोळी सोडा, असं कुठे लिहिलंय? लेख पूर्ण वाचला का?"

लेख मी अर्धाच वाचला होता.

आबा ताठ बसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मना पोऱ्या शिकेल शे."

आबा, मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टरांसमोर ते माझ्या तोंडून निघालं नाही. घरी आल्यावरही नाही, आणि आबा पावडरच घेत राहिले. पंधरा दिवसांनी पारोळ्याच्या बाजारात आबा छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत.

त्यांचं वय झालं होतं, असं मी आईला सांगितलं. तिने ते मानलं.