सातवा मुद्दा

ती कादंबरी मी बारा वर्षं शिकवली आणि खरं सांगते, मला ती पहिल्या वर्षापासूनच नकोशी झाली होती. युद्ध संपलेलं आहे, थंडीचे दिवस आहेत आणि समुद्रकाठच्या एका लहानशा हॉटेलात पाचसहा माणसं अडकून पडली आहेत. अडकून कसली, कोणी धरून ठेवलेलं नाही. रोज उद्याच्या बोटीनं निघू म्हणतात आणि रोज राहतात. नायक युद्धात नकाशे काढायचा, आता काहीच काढत नाही. एक डॉक्टर आहे, तो कोणाला तपासत नाही. एक जोडपं आहे, त्यांचं लग्न दर प्रकरणात पुढं ढकललं जातं. हॉटेलची मालकीण विधवा आहे आणि सगळ्यांना सूप वाढते. तीनशे पानांत एवढंच. पण विद्यापीठानं नेमली होती, म्हणून मद्रासच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात, घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला असताना, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून मी विलायती थंडीतला कंटाळा शिकवत असे.

परीक्षेत प्रश्न ठरलेला असायचा: कादंबरीतील आशयसूत्रे आणि पात्रे यांची चर्चा करा. म्हणून माझ्या नोट्सही ठरलेल्या. आशयसूत्रे पाच: भ्रमनिरास, श्रद्धेचा ऱ्हास, एकटेपण, काळाचं थिजणं, प्रेमाची असमर्थता. नायकाचे स्वभावविशेष सहा. मुली ते आकड्यांसकट घोकायच्या. पेपरात कोणी पाचच स्वभावविशेष लिहिले तर बिचारीला रडू यायचं. पोपटपंची हो, दुसरं काय. पण त्या पोपटपंचीवर आमचा निकाल लागायचा आणि निकालावर आमचं नाव, तेव्हा मीही कधी पिंजऱ्याचं दार उघडायच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही मूळचे तंजावरकडचे. वडील गेल्यावर आई, मोठा भाऊ आणि मी नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत भाड्याच्या घरात राहत होतो. घरात आमचं जुनं, तमिळनं मुरलेलं मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि कॉलेजात इंग्रजी. भावाला मी अण्णा म्हणायची. तो तिन्ही भाषांत कमीच बोलायचा. काहीही सांगा, उत्तर एकच, "शरी." म्हणजे बरं, ठीक आहे. या शब्दानं आमच्या गावात संभाषण सुरू होतं, अण्णाचं संपायचं.

तो एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून लष्करात कारकून म्हणून भरती झाला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तीन वर्षं होता. मी तेव्हा शाळेत होते. तो परत आला त्या दिवशी आईनं लापशी केली होती आणि गल्लीतल्या सगळ्यांना वाढली होती. त्यानं सगळ्यांशी नीट हात जोडून बोलणं केलं, दोनदा लापशी घेतली, झोपला, आणि उठल्यावर आईनं त्याला विचारलं, "आता नोकरीचं कुठं बघतोस?"

त्यानं बघितलं की. बंदरावर एक, विमा कंपनीत एक, छापखान्यात एक. भांडण नाही, चोरी नाही, दारू नाही. चारसहा महिने नीट जायचा आणि मग एक दिवस जायचा थांबायचा. डबा घेऊन घरातून वेळेवर निघे आणि नुंगंबाक्कम स्टेशनच्या बाकावर बसून संध्याकाळी परत येई. असे पंधरा दिवस गेले की कोणीतरी येऊन आईला सांगे. आई कपाळावर हात मारून घेई. मी चिडायची. आमच्या घरात सगळ्यांनी हात टेकले होते, फक्त ते एकमेकांना बोलून दाखवायचं नाही असं ठरलं होतं.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातली टायपिस्ट लग्न होऊन दिल्लीला गेली. मी प्राचार्यांकडे शब्द टाकला. आजवर कोणासाठी टाकला नव्हता, त्यामुळे त्यांनी मान ठेवला. सहा महिने बघू, बरं चाललं तर कायम करू, म्हणाल्या. अण्णा चाळिशीला टेकला होता. यानंतर त्याला कोण नोकरी देणार होतं? आईला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती देवासमोर मोठ्यानं काही मागत नसे, पण त्या दिवसांत मी रोज सकाळी ऐकायची, "या खेपेला टिकू दे."

आणि काय सांगू, टिकायला लागला. पाच महिने झाले. तो वेळेवर येई, मान खाली घालून टाइप करी, डबा स्टाफरूमबाहेरच्या व्हरांड्यात खाई. प्राचार्य मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या कागदात खाडाखोड नसते." मी हा निरोप आईला दिला तर तिनं तो शेजारी तीन घरांत पोचवला.

आमच्याकडे नोट्स काढायची एक रीत होती. टायपिस्ट मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टाइप करायचा. ते स्टेन्सिल एका चिठ्ठीसह शिकवणारणीकडे यायचं. तिनं ते खिडकीच्या उजेडात धरून ओळ न् ओळ वाचायचं, चूक असली तर लाल औषध लावून दुरुस्त करून घ्यायची, आणि मग चिठ्ठीवर "तपासले" असं लिहून सही करायची. सही झालेलं स्टेन्सिल पुन्हा ऑफिसात जाई, आणि सही असल्याशिवाय शिपाई ते प्रती काढायच्या यंत्रावर चढवत नसे. ही रीत आमच्या विभागप्रमुख बाईंनी घालून दिली होती. त्या कडक होत्या; एका स्वल्पविरामावरून त्यांनी एकदा दोनशे कागद फाडायला लावले होते.

त्या वर्षी मी माझ्या नोट्स अण्णाकडे दिल्या. अकरा पानं. अकरा स्टेन्सिलं दोन दिवसांत तयार होऊन माझ्या टेबलावर आली. तेव्हा माझ्याकडे निबंधांच्या वह्यांचा ढीग होता, डोकं दुखत होतं, आणि त्या हॉटेलातल्या माणसांचं तोंड पाहायची मला इच्छा नव्हती. शिवाय अण्णाची चूक होत नाही हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. मी अकरा चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या आणि एकामागून एक सह्या ठोकल्या. एकही स्टेन्सिल उजेडात धरलं नाही.

सहामाही परीक्षा झाली. पेपर मी आणि विभागप्रमुख बाईंनी निम्मे निम्मे वाटून घेतले. मी पहिलाच पेपर उघडला. नायकाचे स्वभावविशेष. एक, दोन, तीन करत सहा. आणि मग सात. मला वाटलं या मुलीनं काहीतरी पदरचं घातलं. पुढचा उघडला. सात. त्याच्या पुढचा उघडला, सात, तेच शब्द, तोच क्रम. इंग्रजीत होतं ते. मराठीत सांगायचं तर असं:

"नायक दुःखी आहे असं म्हणतात. तो दमलेला आहे. तीन वर्षं त्याला रोज कोणीतरी काय करायचं ते सांगत होतं, आणि जे केलं त्याचं पुढं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तो परत आल्यावर सगळ्यांनी त्याला नोकरीचं विचारलं. दुसरं काय विचारायचं ते या पुस्तकातल्या कोणाला सुचत नाही, आणि लेखकालाही सुचलेलं नाही. म्हणून गोष्ट पुढं सरकत नाही."

मी कपाटातून नोट्सची प्रत काढली. आठवं पान. सहाव्या मुद्द्याखाली सातवा, त्याच समासात, त्याच अंतरावर, खाडाखोड नाही. पंधरा वर्षं आम्ही एका घरात जेवत होतो. मी दर वर्षी फळ्यावर "भ्रमनिरास" लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारत होते. आणि मला, या बयेला, एकदाही वाटलं नव्हतं की हे माझ्या घरातलं आहे.

हे सगळं मला तेव्हाच कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी नंतर कितीदा म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. त्यांच्यापुढे पेपरांचा गठ्ठा होता. "चाळीस मुलींनी लेखकाला त्याचं काम येत नाही असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तेही एकाच भाषेत. हे तुमच्या नोट्समध्ये कुठून आलं?"

मी म्हटलं, "मी लिहिलेलं नाही."

"चिठ्ठीवर तुमची सही आहे. तपासलं होतं ना?"

इथं उत्तर सोपं होतं. नाही बाई, न वाचताच सही केली, चूक माझी. एवढंच म्हणायचं होतं. फार तर त्या चार शब्द सुनावत्या, नोट्स पुन्हा काढायला लावत्या. माझी नोकरी कायम होती, जाणार नव्हती. पण त्या बाईंसमोर, मी न वाचता सह्या करते, हे मला कबूल करवेना. दहा वर्षं मी नेटकी म्हणून वावरत होते. त्या नेटकेपणासाठी मी म्हणाले, "मी वाचलं तेव्हा ते तिथं नव्हतं."

बोलून गेले आणि मग त्याचा अर्थ मला लागला. वाचलं तेव्हा नव्हतं, म्हणजे सही झाल्यावर टायपिस्टनं घातलं. बाईंनी घंटा वाजवली आणि अण्णाला बोलावणं पाठवलं. मी उठून सांगू शकत होते. व्हरांड्यातून त्याच्या चपलांचा आवाज येईपर्यंत भरपूर वेळ होता.

तो दाराशी उभा राहिला, लष्करातल्यासारखा, हात बाजूला. बाईंनी आठवं पान त्याच्यापुढे धरलं. "हे तुम्ही घातलंत?"

"होय."

"तपासून सही झाल्यावर?"

त्यानं टेबलावरची चिठ्ठी पाहिली. माझी सही पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही.

"होय," तो म्हणाला. "नंतर घातलं."

अर्ध्या तासात प्राचार्यांचा निर्णय आला. महिनाअखेरपर्यंत काम करावं, मग येऊ नये. आणि वार्षिक परीक्षेआधी मुलींना सुधारलेलं पान द्यायचं असल्यामुळे आठव्या पानाचं नवं स्टेन्सिल आजच काढावं, सहा मुद्द्यांचं. ते कोण काढणार? टायपिस्ट तोच होता.

दुपारी स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. भिंतीपलीकडे त्याचं यंत्र चालू असलेलं ऐकू येत होतं. एका लयीत, कुठंही न अडखळता. मग थांबलं, आणि तो स्टेन्सिल घेऊन आत आला. चिठ्ठी वर टाचलेली होती. मागं दाराशी शिपाई उभा राहिला.

मी म्हणाले, "अण्णा, मी न वाचताच सही केली होती."

"कळलं ते."

"मग तू हो का म्हणालास?"

तो म्हणाला, "मला वाटलं होतं तू वाचशील. वाचशील आणि खोडशील. मुलींपर्यंत जायला नको होतं ते. तुझ्यापुरतं होतं."

मी स्टेन्सिल घेऊन खिडकीशी गेले, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. उजेडात धरलं आणि या वेळी अक्षर न् अक्षर वाचलं. भ्रमनिरास. एकटेपण. नायकाचे सहा मुद्दे. सहाव्यानंतर कोरं. एकही चूक नव्हती. संध्याकाळी आईला तोच सांगणार होता, नेहमीसारखं, "जमलं नाही," एवढंच, आणि माझं नाव घेणार नव्हता. मला ते ठाऊक होतं आणि, लाज वाटते लिहायला, मला त्याचा आधारही वाटला.

तरीही मी वळले आणि विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "अण्णा, तिकडं काय झालं होतं?"

त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेनकडे.

"आता राहू दे," तो म्हणाला. "सही कर. शिपाई थांबलाय."

मी "तपासले" असं लिहिलं आणि सही केली.