बाटलेला हात

"आडनाव काय म्हणालीस?" नर्सबाईने विचारलं. मी कळा देत होते. पुन्हा सांगितलं. तिने माझ्या पोटावरचा हात उचलला आणि पदराला पुसला.

लढाईचे दिवस होते. नवरा खमरियाच्या कारखान्यात तोफगोळे भरायचा, सुट्ट्या बंद. ते गोळे कोणाच्या हातचे, हे सीमेवर कोणी विचारत नव्हतं. सासूने मला अधारतालच्या एका खासगी प्रसूतिगृहात आणलं, कारण तिथली नर्स मराठी. "आपल्या भाषेची बाई आहे, काहून घाबरून राहिली?" म्हणाली. इथल्या हिंदी बायांना आमच्या आडनावावरून जात कळत नसे. हिला लगेच कळली. आपलं माणूस शोधायला गेलो आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

मुलगी झाली. वार पडली. रक्त मात्र थांबेना. विमानांच्या भीतीने खिडक्यांना काळे कागद डकवलेले, भरदिवसा खोलीत अंधार. अंगाखालचं कापड गरम, ओलं. मग थंड. डॉक्टरीणबाई इंजेक्शन आणायला धावल्या. जाता जाता ओरडल्या, "पेट दबाके रखो, छोड़ना नहीं."

नर्सने माझ्या पोटावर टॉवेल टाकला. वरून दोन बोटं टेकवली, तापल्या तव्याला लावावीत तशी. मग दाराकडे तोंड करून, माझं पोट दाबायला झाडूवालीला हाका मारू लागली. सासूला आत येऊ देत नव्हते. माझे कान बंद होत चालले होते. मला स्वच्छ कळलं, ही बाई मला मरू देणार. भीती वाटली. भीतीपेक्षा संताप जास्त आला.

मी तिचं मनगट धरलं. टॉवेल फेकला. तिचा तळहात माझ्या उघड्या पोटावर दाबला.

"बाटवलंस मला," ती म्हणाली.

"बाटलात ना? मग आता दाबा."

तिने दाबलं. इंजेक्शन येईपर्यंत मी मनगट सोडलं नाही. घरी सासू म्हणाली, "जाऊ दे, जीव तर वाचला." मी जाऊ दिलं नाही.

थोड्याच दिवसांनी त्याच टेबलावर बरगीकडची आमच्यातली एक बाई गेली. असंच रक्त जाऊन. लोक म्हणाले, नशीब. कसलं नशीब? तिच्या अंगात मनगट धरायचं बळ उरलं नसेल.

तेव्हापासून वस्तीतली कोणीही बाळंतपणाला निघाली की मी सोबत जाते. बाहेर बसा म्हणतात. मी बसत नाही. टेबलाशी उभी राहते आणि आधीच सांगते, हात लावा. नाही लावला, तर मी धरून लावीन.