हरलालची ओंजळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, भाऊ. बायकोला नाही, अन् नर्मदामाईलाही नाही — तिला काय सांगायचं, तिचंच तर पाणी होतं ते.

आता शहरात, कमानिया गेटच्या मागं राहतो. लोक महाराज म्हणतात, पाया पडतात. पण आधी शहपुऱ्याकडच्या गावात मी सरपंच होतो. सकाळी देवळाच्या ओट्यावर बसून न्याय करायचो, संध्याकाळी त्याच ओट्यावर कीर्तन. निवाडा माझा, पार्टी माझी, अन् देवही माझाच! असा माणूस माजणार नाही तर काय होईल?

देवळातली घंटा चोरीला गेली. मी हरलालचं नाव घेतलं. काहून? तर निवडणुकीत तो समोरच्या पार्टीचे झेंडे लावत फिरला होता. बस, एवढंच.

त्याला खळ्यात एकट्याला बोलावलं. कबूल कर म्हटलं. तो नाही म्हणाला. मग मी जरा — नाही, सरळच सांगतो. काठी घेऊन मारत सुटलो. पाठीवर, पायांवर, डोकं वाचवायला तो हात वर करी, तर हातांवर. उजवं मनगट मोडलं तेव्हा वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. थांबलो का मी? अजून मारलं. अन् खरं सांगू? बरं वाटून राहिलं होतं. कुठं बोललास तर लेकराबाळांसकट गावाबाहेर काढीन, हेही बजावलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव ओट्यासमोर जमलं. आमच्याकडं रीत होती — ज्याच्यावर आळ आला त्यानं ओंजळीत नर्मदाजल घ्यायचं, शपथ खायची अन् चालत जाऊन ते देवाला वाहायचं. वाटेत ओंजळ सांडली की माणूस खोटा. हरलाल अंगभर कांबळं गुंडाळून आला. त्यानं कशीबशी ओंजळ केली. पाणी मीच ओतलं. ते लगेच गळायला लागलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

अरे, याचा हात मोडलाय — एवढंच तर म्हणायचं होतं!

मी म्हटलं, "मैया ने ठुकरा दिया."

मग लोक तुटून पडले. लाथा, जोडे, दगड. "मर जाएगा, मर जाएगा," म्हणत त्याची बायको मधे पडली, तर तिलाही केसांना धरून फरफटत नेलं. मी ओट्यावरून पाहत होतो. हरलालचा एक डोळा गेला. त्या संध्याकाळी मी दयेवर कीर्तन केलं. चांगलं रंगलंही.

घंटा त्यानं चोरली होती का? ठाऊक नाही. मी कधी शोधच घेतला नाही.

परवा सराफ्यात कीर्तन होतं. शेवटी तीर्थ देत होतो. रांगेत एक म्हातारा आला, एका डोळ्याचा. त्यानं डावा हात पुढं केला. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं, म्हणून मागची बाई खेकसली, "भैया, सीधा हाथ!"

तो हळूच म्हणाला, "महाराज जानते हैं."

मी डाव्या हातावरच तीर्थ दिलं. तो प्याला, ओला हात डोक्यावरून फिरवला अन् गेला. कोण होता हो तो, लोकांनी विचारलं.

मी म्हटलं, "कोण जाणे. मी नाही ओळखत."